लाडअण्णांचं लॉगिन

“माउसला हात लावू नका मॅडम. अडकलंय ते,” लाडअण्णा म्हणाले.

मी लावलाच. पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही. समोर एका खिडकीत सहा चौकोन होते, सहाही हिरवे, आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत शेवटच्या नोंदीची वेळ होती: ११:१९:४०. माझ्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

“कधीपासून असं आहे?”

“मी च्या प्यायला गेलतो. येऊन बघतोय तर आकडा हलंना.” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हटलं, कंपनीच्या बाई आज येणारच हायत. मी बटणाला हात लावला न्हाई.”

“ते बरं केलंत.”

“हात लावायचाच न्हाई, असं आमचं ठरलंय. घरात सासू-सुनेचं जुंपलं की आपुन जसं गप बसतो, तसं.”

तासगावच्या रस्त्याला लागून ते बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होतं. चार चेंबर, प्रत्येकात छतापर्यंत बेदाण्याच्या पेट्या, आणि त्यांना थंड ठेवणारा अमोनिया नळांतून फिरत असायचा. अमोनिया थोडा सुटला तर डोळे चुरचुरतात. जास्त सुटला तर घसा बंद होतो. म्हणून सहा ठिकाणी आमच्या कंपनीचे डिटेक्टर बसवले होते: चार चेंबरांत, एक चेंबरांसमोरच्या बोळात, एक कॉम्प्रेसरच्या खोलीत. कॉम्प्युटर दर पाच सेकंदांनी त्यांच्याकडून आकडा घ्यायचा, फाइलमध्ये लिहायचा, आणि आकडा हद्दीबाहेर गेला की सायरन वाजवायचा. चेंबरचा दरवाजा वीतभर जाड असतो. बाहेर कुणी बोंब मारली तरी आतल्या माणसाला ऐकू जात नाही. त्यामुळे सायरनचा एक भोंगा प्रत्येक चेंबरच्या आतही होता.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. कोल्हापुरात फिजिक्स घेऊन एमएस्सी केली आणि सांगलीच्या या छोट्या कंपनीत लागले, त्याला सात महिने झाले होते. त्या दिवशी मी आले होते ते इथली एक जुनी सोय मोडायला. कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. त्यात आपण नाव आणि पासवर्ड घालून आत शिरलो की बाहेर पडेपर्यंतचा सगळा मुक्काम, म्हणजे आपलं सेशन. त्यात उघडलेले प्रोग्रॅम त्या सेशनबरोबर जगतात आणि त्याच्याबरोबरच मरतात. आकडे घेणारा आणि सायरन वाजवणारा प्रोग्रॅम, ज्याला तिथे सगळे ‘पहारा’ म्हणायचे, तो अण्णांच्या सेशनमध्ये चालायचा. माझ्याआधीच्या इंजिनीअरने घाईत तशी व्यवस्था करून ठेवली होती. अण्णा लॉगिन करायचे, पडद्यावरच्या ‘पहारा’ लिहिलेल्या चित्रावर दोनदा टिचकी मारायचे, मग दुसऱ्या चित्रावर टिचकी मारून, फाइलमधली शेवटची नोंद दाखवणारी चौकोनांची खिडकी उघडायचे. पाळ्या तीन होत्या, ऑपरेटर तीन होते, पण पाळी बदलताना कुणी लॉगआउट करत नसे. एकाने खुर्ची सोडायची, दुसऱ्याने बसायचं. आत नाव कायम लाडांचंच. मला ते बदलायचं होतं. मशीन चालू झालं की पहारा आपला आपण उभा राहावा, त्याला कुणाच्या लॉगिनची गरज पडू नये, एवढं.

“पहिल्यांदा हे सोडवते,” मी म्हणाले आणि तीन बटणं एकदम दाबली. हिरवे चौकोन गेले. काळा पडदा आला, त्यावर पांढरा कर्सर लुकलुकायला लागला.

“गेलं?” अण्णा पुढे झुकले.

“नाही. हे मागचं दार आहे अण्णा. पुढचं दार अडकलं की मागून आत जायचं.”

“चोरावाणी.”

“मालकाची किल्ली आहे माझ्याकडे.”

मी माझ्या नावाने शिरले. तिथे एक ओळ लिहून विचारता आलं असतं की लाडांच्या सेशनमध्ये काय काय चालू आहे. उत्तर यायला एक सेकंदही लागला नसता. मी विचारलं नाही. पडदा वीसेक मिनिटं मेल्यासारखा दिसत होता, तेव्हा मागचंही मेलं असणार, असं मी धरून चालले. जिथून सगळे आत शिरतात आणि ज्याच्यावर खिडक्या उभ्या राहतात, ती पडद्याची सेवाच बंद करून पुन्हा चालू करायची आज्ञा मी दिली. पडदा क्षणभर विझला आणि लॉगिनची स्वच्छ निळी पाटी समोर आली.

“आयला,” अण्णा म्हणाले. “बसा बाजूला. आणि तिकडं बघा. पासवर्ड बायकोचं नाव हाय.”

“मग लपवायचं काय त्यात?”

“पाळीतल्या बाकीच्यांना कळलं तर मला त्याच नावानं हाक मारत्याल.”

त्यांनी एका बोटाने पासवर्ड टाइप केला. मागच्या वेळी कोणत्या खिडक्या उघड्या होत्या हे त्या मशीनला आठवत असे. चौकोनांची खिडकी कुणी न बोलावता आपली आपण परत आली. सहा हिरवे. कोपऱ्यात ११:४२:०५. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा होत होते.

“बघा, पुढे सरकलं,” मी म्हणाले. मला खरोखर आनंद झाला होता.

“मग पहाऱ्यावर टिचकी मारायची न्हाई?”

“सगळं होतं तसं परत आलंय. दुसऱ्यांदा चालू केलंत तर दोन पहारे होतील. सायरनचा घोळ होईल.”

त्यांनी मान हलवली, पण खुर्चीत बसले नाहीत. कपाटातून एक तपकिरी बाटली आणि फडकं काढलं. मशीन कधीही बंद होऊन चालू झालं की त्यांची एक पद्धत होती. पातळ अमोनियात फडकं बुडवायचं, काठीच्या टोकाला बांधायचं आणि बोळातल्या डिटेक्टरपाशी धरायचं. सायरन वाजला की पहारा जागा आहे. त्या दिवशीही पहाटे वीज जाऊन मशीन बंद पडलं होतं, तेव्हा सहाला त्यांनी हे करून पाहिलं होतं आणि सायरन वाजला होता. मात्र सायरन वाजला की बेदाणा निवडणाऱ्या चाळीस बायका आणि सगळे हमाल फाटकाबाहेर जाऊन उभे राहात. हजेरी घेऊन परत आत येईपर्यंत अर्धा तास जाई.

अण्णा दारापर्यंत गेले तोच मालक आत आले. जयकुमार चौगुले, पांढरा शर्ट, हातात बेदाण्याची ओंजळ.

“काय लाड, परत फडकं? बाहेर व्यापारी आलेत नमुना बघायला. त्यांच्यादेखत माणसं पळवता का?”

“पद्धत हाय साहेब. बंद होऊन चालू झालंय.”

“मॅडम बसल्यात की इथं. कशाला ठेवल्यात मग?” चौगुले माझ्याकडे वळले. “चाललंय ना सगळं?”

अण्णाही माझ्याकडे बघत होते. बाटलीचं बूच त्यांच्या दुसऱ्या हातात होतं. “मॅडम म्हणतील तसं,” ते म्हणाले.

“गरज नाही,” मी म्हणाले. “चाललंय.”

अण्णांनी बूच लावलं. चौगुल्यांनी माझ्यापुढे ओंजळ केली. मी चार बेदाणे घेतले. गोड होते.

मग मी त्या खुर्चीत बसून माझं काम सुरू केलं. माझी काळी खिडकी मी चौकोनांवरच पसरली, म्हणजे जागा जास्त मिळेल. पहारा आपला आपण कसा उभा राहील, पडला तर परत कसा उठेल, हे सगळं मी दोन तास नीट लिहीत होते. मध्ये जेवले.

दोन वाजून दहा मिनिटांनी बेदाणा निवडायच्या शेडमधून खोकल्याचा आवाज आला. आधी एकीचा, मग पुष्कळ जणींचा. पाठोपाठ अण्णांची आरोळी. “पळा! वाऱ्याच्या उलट्या अंगाला पळा!” माझ्या नाकात काहीतरी टोचल्यासारखं झालं. सायरन वाजत नव्हता. मी काळी खिडकी बाजूला केली. सहा चौकोन हिरवे होते. कोपऱ्यात ११:४२:०५ होतं.

मी पहाऱ्याच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. बोळाचा चौकोन लाल झाला आणि सायरन सुरू झाला.

फाटकाबाहेर हजेरी घेतली तेव्हा हमालांतला बिराप्पा नव्हता. तो तीन नंबरच्या चेंबरमध्ये पेट्या लावत होता, एकटा, दार लावून. सायरन वाजेपर्यंत बाहेर काही झालंय हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. वाजल्यावर तो नियमाप्रमाणे दार उघडून बाहेर पडला. बोळ तोवर भरला होता. अण्णा तोंडाला ओलं पोतं बांधून दोनदा आत गेले. दुसऱ्या खेपेला त्याला ओढत बाहेर आणलं. त्याचे डोळे उघडे होते, पण त्याला दिसत नव्हतं. “अण्णा, कुठं हाय तुमी?” असं तो विचारत होता, आणि अण्णा त्याच्यावर बादल्यांनी पाणी ओतत सांगत होते, “हितंच हाय. हितंच हाय रं.”

मिरजेच्या दवाखान्यात तो दोन दिवस जगला. एकतीस वर्षांचा होता. जतकडच्या अण्णांच्याच गावचा. अण्णांनीच त्याला कामाला आणलं होतं.

पाचव्या दिवशी चौगुल्यांच्या ऑफिसात चौकशी झाली. कारखाना निरीक्षक शहापुरे नावाचे होते, शांत, चष्म्यावरून बघणारे. त्यांनी बोळातल्या व्हॉल्व्हचं फाटलेलं पॅकिंग टेबलावर ठेवलं.

“हे एका झटक्यात जात नाही,” ते म्हणाले. “दहा-पंधरा मिनिटं तरी झिरपत असणार. तेवढ्यात सायरन वाजला असता तर तो माणूस चालत बाहेर आला असता. मला एवढंच कळायला हवं, की तो का वाजला नाही.”

टेबलाच्या एका बाजूला अण्णा उभे होते. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. नोकरीची चार वर्षं राहिली होती त्यांची. चौगुले खिडकीबाहेर बघत होते.

मशीनमध्ये कोण कधी आत आलं आणि कधी बाहेर पडलं याची नोंद आपोआप होत असते. त्यातली त्या दिवशीची पानं आणायला मला सांगितलं होतं. ती छापताना कुठल्या वेळेपासून छापायचं ते मशीनला सांगावं लागतं. मी ११:४२:१० पासून सांगितलं होतं. माझी आज्ञा ११:४२:०६ ला होती, माझ्या नावानिशी. चार सेकंदांचा फरक. सतरा वर्षं झाली, पण ते दोन आकडे मला माझ्या जन्मतारखेसारखे पाठ आहेत.

शहापुऱ्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “हे काय?”

“११:४२:१० ला ‘लाड’ या नावाचं सेशन बंद झालं,” मी वाचलं.

“म्हणजे लाड बाहेर पडले.”

“नोंद सेशन बंद झाल्याची आहे.”

“मी न्हाई बाहेर पडलो साहेब,” अण्णा म्हणाले. “ते अडकलंतं. मॅडमनी मागच्या दारानं जाऊन सोडवलं.”

“तुम्ही काय केलंत?” शहापुऱ्यांनी मला विचारलं.

“पडदा अडकला होता. तो मोकळा केला.”

“पडदा आणि हा पहारा एकच?”

“नाही. वेगवेगळे प्रोग्रॅम आहेत.”

“मग परत लॉगिन कुणी केलं?”

“लाडांनी.”

“लॉगिन केल्यावर पहारा चालू करणं कुणाचं काम?”

“रोजच्या पद्धतीत ऑपरेटरचं.”

मी एकही वाक्य खोटं बोलले नाही. प्रत्येक उत्तर आधी मनात तपासत होते. परीक्षेत गणित सोडवल्यावर एकके बरोबर आहेत ना ते बघायची सवय होती, तसं.

“लाड, पहारा चालू केलात का?”

“खिडकी आपली आपण आलीवती साहेब.”

“मी पहाऱ्याचं विचारतोय.”

“न्हाई.”

“बंद होऊन चालू झाल्यावर तुम्ही फडक्याने चाचणी घेता असं बाकीचे ऑपरेटर सांगतात. घेतली?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या मुलीला वर्गात उत्तर येतं की नाही हे बघणाऱ्या मास्तरांसारखं. मग चौगुल्यांच्या पाठीकडे पाहिलं. खोलीत पंख्याचा आवाज होता. बोलायला पुष्कळ वेळ होता.

“न्हाई घेतली,” अण्णा म्हणाले.

“का?”

“घ्यायला पायजे होती. काम माझं हाय.”

शहापुऱ्यांनी लिहून घेतलं आणि कागद फिरवला. अण्णांनी सही केली. मग मी केली.

सांगलीची एसटी रस्त्याच्या माझ्या बाजूने जायची, अण्णांच्या गावाकडची समोरच्या. तरी ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. ऊन रखरखत होतं. दोघांत एका बाभळीएवढीच सावली होती.

“अण्णा,” मी म्हणाले, “तुम्ही आत माझं नाव...”

“तुमचं नाव घेऊन काय मिळणार? खुर्ची माझी.” “एक विचारू? मला त्या मशिनीतलं कळत न्हाई.”

“विचारा.”

“कागदात लिवलंय ते लिवलंय. ते साहेबास्नी. मला दुसरंच कळाय पायजे. तुमी यायच्या आधी ते अडकलं होतं न्हवं का? तवा आतला पहारा जित्ता होता का मेलेला?”

मी गाडी येते का ते पाहिलं.

“बिराप्पाची बायको रोज दाराशी येऊन बसतीय,” ते म्हणाले. “भांडत न्हाई. नुसतं इचारतीय, अण्णा, कसं झालं? मीच आणलावता त्याला. तिला काय तरी खरं सांगाय पायजे. पहारा आपला आपण मेला असंल, तर मी फडकं लावलं असतं की कळलं असतं. म्हणजे माझ्यामुळं गेला तो. पण तो जित्ता असंल...” ते रस्त्याकडे बघत राहिले.

पहारा जे आकडे लिहायचा त्या फाइलकडे चौकशीत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. मी ती बिराप्पा गेला त्या दिवशी उघडली होती. पडदा ११:१९:४० ला थांबला होता. त्यानंतर फाइलमध्ये दोनशे एकोणसत्तर नोंदी होत्या. दर पाच सेकंदांनी एक, सहाही डिटेक्टरांची, एकही न चुकवता. शेवटची ११:४२:०५ ची. मी आज्ञा दिली त्याच्या एक सेकंद आधीची. पहारा आंधळ्या पडद्यामागे धडधाकट होता. नुसता पडदा मेला होता. पडद्याची सेवा बंद करून लाडांचं सेशन मी मोडलं, तेव्हा त्यात चालणारा पहाराही गेला. मी त्याला तसाच अडकलेला सोडून जेवायला गेले असते, तरी दोनच्या सुमाराला सायरन वाजला असता. खिडकी परत आली तेव्हा कोपऱ्यात दिसलेली वेळ म्हणजे मी मारलेल्या पहाऱ्याची शेवटची नोंद होती, आणि मी ती अण्णांना दाखवून हसले होते.

समोरून जतची गाडी येताना दिसली.

“मेलेला होता अण्णा,” मी म्हणाले. “पडद्याबरोबरच गेला.”

“म्हणजे मी च्या प्यायला गेलो तवा.”

“हो.”

ते मान हलवत राहिले, हळूहळू, जड पेटी डोक्यावर घेताना हमाल मान जुळवून घेतो तसे. “बाटली हातात होती माझ्या,” ते म्हणाले. “बूच काढलंतं.”

गाडीने हॉर्न दिला. त्यांनी हात वर केला, रस्ता ओलांडला. पायरीवर एक पाय ठेवून मागे वळले.

“तिला तसंच सांगतो,” ते मोठ्याने म्हणाले, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू यावं म्हणून. “आन् तुमी मनाला लावून घिऊ नका पोरी. तुमी न्हवता तवा झालंय ते.”

कंडक्टरने दार ओढलं आणि घंटी मारली.